देवणीकडची चौकशी

उज्वलाला लातूरला येऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हाच कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या भामाबाईने तिला जवळ बोलावून सांगितलं की, एक माणूस तिच्याबद्दल विचारून गेला.

"पन्नाशीचा असंल. सफारी घातलेला. गाडीवरून उतरलाबी न्हाई. म्हणला, वरच्या खोलीतली पोरगी किती वाजता येती, तिला कोन सोडायला येतं का. म्या म्हणलं, मला काय ठाव, मी भेंडी इकून राहिले."

उज्वलाने मेथीची जुडी पिशवीत टाकली आणि उगाचच मागे वळून पाहिलं. रस्त्यावर क्लासहून परतणाऱ्या पोरांच्या सायकली होत्या, रिक्षा होत्या. सफारीवाला कुणी नव्हता.

ती हिमायतनगरची, शेतकऱ्याच्या घरातली. नांदेडला केमिस्ट्रीत एम. एस्सी. केली आणि लातूरच्या एमआयडीसीतल्या एका तेल कारखान्याच्या लॅबमध्ये लागली. कारखान्यात येणाऱ्या सोयाबीनचा ओलावा तपासायचा, हे तिचं काम. पोत्याच्या तोंडाशी सगळेच सुकं सोयाबीन ठेवतात, म्हणून लोखंडी नळी पोत्याच्या पोटात घालून खालचे दाणे काढायचे आणि मशीनमध्ये टाकायचे. आकडा जास्त आला की गाडी परत जाते.

गेल्याच आठवड्यात तिने एका व्यापाऱ्याची गाडी परत पाठवली होती. तो लॅबच्या दारात उभा राहून शांतपणे म्हणाला होता, "मॅडम, लातूर लई मोठं न्हाई. भेटू." तेव्हा तिने मनावर घेतलं नव्हतं. आता ते शब्द तिला आठवले.

दोन दिवसांनी कारखान्याच्या गेटवरच्या चंद्रप्पाने तिला थांबवलं. "मॅडम, तुमचे कोनी काका हायत का लातुरात? एक जन आले होते. तुमी कुनाबरोबर जेवता, सुट्टी झाल्यावर थेट घरी जाता का, असं इचारत होते. मी कायबी सांगितलं न्हाई."

पण सांगितलं नाही हे सांगताना त्याने नजर फिरवली, आणि ते तिच्या लक्षात आलं.

त्या दिवसापासून तिने रस्ता बदलला. कधी सहा आसनी रिक्षाने यायची, कधी अलीकडेच उतरून गल्लीबोळातून चालायची. सफारी घातलेला कुणीही दिसला की तिच्या पायांचा वेग वाढायचा. खोलीत शिरली की आधी दाराला कडी, मग दिवा. घरी फोन करून सांगावं, असं रोज वाटायचं आणि रोज ती गप्प बसायची. कारण किशनरावांनी, तिच्या वडिलांनी, तिला पाठवतानाच बजावलं होतं, "सहा महिने बघू. कायबी वेडंवाकडं कानावर आलं, तर सामान बांधायचं नि परत यायचं." एवढ्याशा गोष्टीवरून त्यांच्या हाती निमित्त द्यायचं नव्हतं.

एका संध्याकाळी ती जिना चढत होती. खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायच्या, सरोजिनीबाई, निवृत्त शिक्षिका. नवरा गेलेला, मुलगा परदेशी. उज्वला त्यांना काकू म्हणायची, आणि त्या तिला पहिल्या दिवसापासून प्रेमाने वागवत. त्यांचं दार किलकिलं होतं आणि त्या फोनवर हळू आवाजात बोलत होत्या.

"आत्ताच आली. हो, हो, एकटीच. नाही, मुलगे वगैरे कुणी येत नाहीत. रविवारी गेली होती कुठेतरी, दुपारी परत आली. विचारून सांगते."

उज्वला पायरीवर तशीच उभी राहिली. रविवारी ती आपल्या मैत्रिणीबरोबर गंजगोलाईच्या बाजारात चादर आणायला गेली होती. एवढीशी गोष्ट, आणि तीसुद्धा कुणाला तरी पोचत होती. त्या व्यापाऱ्याने या म्हाताऱ्या बाईलाही फितवलं? त्या रात्री सरोजिनीबाईंनी पाठवलेली वाटीभर खीर तिने चाखलीही नाही.

शनिवारी लॅबचं मशीन बिघडलं आणि तिला दुपारीच सुट्टी मिळाली. घरी आली तर सरोजिनीबाईंच्या दाराशी पुरुषाच्या चपला. फाटकाबाहेर गाडी. आतून आवाज येत होता.

"चष्मा आहे का तिला?"

"वाचताना लावते."

"स्वभावानं कशी हाय? उलटून बोलती का?"

उज्वलाने दार ढकललं. खुर्चीवर सफारी घातलेला माणूस बसला होता, हातात पोह्यांची बशी. सरोजिनीबाई चटकन उठल्या आणि पुन्हा बसल्या.

"तुम्ही कोण?" उज्वलाने विचारलं. ती दारातच उभी राहिली.

माणसाने बशी खाली ठेवली. "बसा ना ताई. मी आप्पासाहेब, देवणीचा. पुतण्या आहे माझा, आनंदराज. औषधाचं दुकान आहे त्याचं. तुमच्या वडिलांनीच हा पत्ता दिला. आपल्यात चौकशी करायची रीतच आहे, राग मानू नका."

तिने तिथल्या तिथे वडिलांना फोन लावला.

"बाबा, देवणीचे आप्पासाहेब इथं बसलेत."

किशनराव म्हणाले, "सांगणारच व्हतो माय. म्हणलं, आधी त्यांचं बघून होऊ दे. स्थळ चांगलं हाय."

"आणि काकूंना रोज फोन कोण करतं?"

"मीच करतो. पोरगी एकटी ऱ्हाती म्हणल्यावर बापानं इचारू न्हाई?"

तिने फोन ठेवला. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण वाटलं ते असं, की तो व्यापारी असता तर बरं झालं असतं. त्याच्यापासून सावध कसं राहायचं, हे तिला कळत होतं.

ती आप्पासाहेबांसमोर बसली. "तुमचं विचारून झालं. आता मी विचारते."

आप्पासाहेब हसले आणि सांगत सुटले. मुलगा निर्व्यसनी, घर स्वतःचं, शेती ओलिताची. नोकरी? खुशाल करावी, आम्ही जुन्या विचाराचे नाही.

"याआधी कुठे जमलं होतं का?"

"तसं काही नाही," ते म्हणाले आणि घाईने पाण्याचा पेला उचलला.

ते गेल्यावर सरोजिनीबाई पदराशी चाळा करत बसून राहिल्या. "तुझे वडील रोज संध्याकाळी फोन करायचे. चार शब्द माझीही विचारपूस करायचे. मला बरं वाटायचं गं," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं."

"उद्या मी देवणीला जाणार आहे," उज्वला म्हणाली.

"मी येते."

"कशाला? बाबांना कळवायला?"

सरोजिनीबाईंनी ते ऐकून घेतलं. सकाळी मात्र त्या पर्स घेऊन फाटकापाशी उभ्या होत्या.

एसटीत दोघी फारसं बोलल्या नाहीत. देवणीला उतरून त्यांनी आनंदराजचं घर शोधलं, पण तिथे गेल्या नाहीत. समोरच्या ओट्यावर एक म्हातारी शेंगा फोडत होती, गौरम्मा नावाची. सरोजिनीबाईंनी तिच्याकडे पाणी मागितलं, ओट्यावर बूड टेकलं आणि सहज विचारावं तसं त्या घराबद्दल विचारलं. चाळीस वर्षं पालकांशी बोललेल्या बाई त्या, पाचच मिनिटांत गौरम्मा मोकळी झाली.

"पोरीकडचे का तुमी अक्का? पोरगा गुणाचा हाय. पर मागल्या साली उदगीरची एक मास्तरीण ठरली व्हती. साखरपुडा झाला, पत्रिका छापल्या. मग ह्यांनी काढलं, नोकरी सोड. आधी हाव म्हणले व्हते, करू दे नोकरी. ती न्हाई म्हणली. मोडलं."

"आणि मुलगा काय म्हणाला?" उज्वलाने विचारलं.

"त्यो काय म्हणतो. बापापुढं त्याचं तोंड हाय का?"

औषधाचं दुकान बसस्टँडजवळच होतं. सरोजिनीबाई बाहेर थांबल्या. आत एक सडपातळ तरुण गोळ्यांची पाकिटं लावत होता. उज्वलाने डोकेदुखीची गोळी मागितली आणि त्याने ती काढेपर्यंत आपलं नाव सांगितलं.

त्याचा हात तिथेच थांबला. मग त्याने आधी दुकानाबाहेर नजर टाकली. कुणी ओळखीचं पाहत तर नाही ना, तेवढंच.

"तुम्ही अशा आलात? घरी माहीत आहे?"

"उदगीरच्या बाईंचं काय झालं?"

चेहरा चांगला होता त्याचा, खोटं बोलायची सवय नसलेला. "त्यांची चूक नव्हती," तो म्हणाला.

"मग कुणाची होती?"

"ते सगळं बाबा बघतात," आनंदराज म्हणाला आणि गोळी तिच्यापुढे सरकवली.

तिला एवढं पुरलं. स्टँडवर एसटीची वाट पाहताना तिने वडिलांना फोन करून सगळं सांगितलं. उदगीरच्या शिक्षिकेचं ऐकून किशनराव चकित होतील, आप्पासाहेबांवर चिडतील, असं तिला वाटलं होतं. ते म्हणाले, "ते माझ्या कानावर हाय."

"माहीत होतं तुम्हाला?"

"लग्नानंतर नोकरीचं बघू, असं आमचं बोलणं झालं व्हतं."

लाऊडस्पीकरवर निलंग्याची गाडी पुकारली जात होती. उज्वलाने दुसऱ्या कानावर हात ठेवला. सहा महिने कशासाठी दिले होते, ते तिला आत्ता समजलं: स्थळ जमेपर्यंत.

"मी हे लग्न करणार नाही बाबा. आणि परतही येणार नाही."

"एकटी गेलीस तिथं?"

"काकू आहेत सोबत."

किशनराव "बरं" म्हणाले आणि फोन बंद झाला.

तीन दिवसांनी आईने, तुळजाबाईंनी, कळवलं की देवणीला नाही म्हणून सांगितलं. उज्वलाने विचारलं, "बाबांनी त्यांना कारण काय सांगितलं?" आई म्हणाली, "मला काय म्हाईत माय, ते बाहीर जाऊन बोलले." पोरगी ऐकत नाही असं सांगितलं, की तुम्ही फसवलंत असं, हे तिला कधीच कळलं नाही. वडील पुढे पुन्हा पूर्वीसारखं बोलायला लागले, जेवलीस का, पाऊस आहे का, आणि तीही उत्तरं देत गेली. पण बोलताना आता ती शब्द निवडायची.

खोली तिने सोडली नाही. सरोजिनीबाईंचा फोन संध्याकाळी वाजायचा थांबला. त्या कधी चहाला बोलावत, ती जायची, त्यांच्या शाळेतल्या गोष्टी ऐकायची. स्वतःचं मात्र फारसं काही सांगायची नाही.

तो व्यापारी एकदा गंजगोलाईत समोरून आला. त्याने नमस्कार केला, "बऱ्या हायत ना मॅडम," म्हणाला आणि पुढे निघून गेला.