बांडीचा पट्टा

गाय विकली तरी दावं द्यायचं नसतं. घेणाऱ्याने आपलं दावं आणावं, देणाऱ्याने आपलं सोडून घ्यावं, ही विंचूरकडच्या जुन्या माणसांची रीत. गाईमागे दावंही गेलं तर गोठ्याची बरकत त्याला बांधून निघून जाते म्हणतात. बयाबाईला ही रीत सासूने सांगितलेली, आणि बांडी विकली त्या दिवशी तिने ती नेमाने पाळली. कपाळाला हळदकुंकू लावलं, गुळाचा खडा चारला, गळ्यातली घंटी काढली आणि दाव्याची गाठ आपल्या हाताने सोडली. सटाण्याकडून आलेल्या फुलाबाईने आपलं नवंकोरं पिवळं दावं अडकवलं. तिच्या नवऱ्याने, सावळीरामने, गाईला टेम्पोत चढवलं. टेम्पो वळणाआड जाईपर्यंत बयाबाई दाव्याची गुंडाळी पोटाशी धरून उभी राहिली.

गळ्यातला निळा पट्टा मात्र कुणाच्याच ध्यानात आला नाही. दावं सुताचं असतं, नाहीतर काथ्याचं. पट्टा प्लास्टिकचा. त्याची रीत अजून कुणी घालून दिलेली नव्हती.

पट्टा मागच्या वर्षी डेअरीने दिला होता. तेजल मॅडम नावाची डेअरीची बाई गोठ्यात आली आणि बांडीच्या गळ्यात तो बांधू लागली, तेव्हा बयाबाईचा नवरा पुंजा अजून हिंडता-फिरता होता.

"आजी, याच्यात सिम आहे. गाय किती चालली, किती बसली, रवंथ किती केला, हे तुमच्या फोनवर कळेल."

"म्हणजे ही फोन करणार? मग बिल कोण भरणार, बांडी?" पुंजा म्हणाला.

तेजल हसली. "बाबा, हा बोलत नाही बसत. दिवसभर झोपलेला असतो. चार वेळा जागा होतो, टॉवरला दोन शब्द सांगतो आणि पुन्हा झोपतो. म्हणून तर एक बॅटरी वर्षानुवर्षं जाते."

"आमचं येडं बरं मग. हे चार वेळा झोपतं अन् दोन वेळा जागं होतं," बयाबाई नवऱ्याकडे बघून म्हणाली.

"अन् टॉवर तर तिकडं माळावर," पुंजाने बोलणं वळवलं. "माझाच फोन लागत नाय गोठ्यात. पत्रा हाय ना वर."

"तुमच्या फोनला रुंद रस्ता लागतो, बाबा. याला बारीक पायवाट पुरते. पत्र्यातून, भिंतीतून, विहिरीतूनसुद्धा याचं पोचतं. एकेका टॉवरवर असे हजारो पट्टे चालतात."

"सगळ्या गायी एकदम हंबरल्या तर बहिरा व्हायचा तो."

"एकदम नाही. पाळी लावून."

पुंजाला ते फार आवडलं. पुढे कितीतरी दिवस, चावडीवर दोन माणसं एकदम बोलायला लागली की तो म्हणायचा, "अरे पाळी लावा, बांडीच्या पट्ट्यासारखी."

पावसाळा सरता सरता पुंजा गेला. दिवाळीनंतर बयाबाई गोठ्यात घसरून पडली, खुब्यात सळई बसली. मुलगा ललित नाशकात अंबडच्या कारखान्यात. तो म्हणाला, आता एकटं राहायचं नाही. खरंच होतं ते. शेणाची पाटी उचलायची तर दोन पाय लागतात, आणि तिचा एक आता जेमतेम टेकत होता. गाय फ्लॅटमध्ये येत नाही. म्हणून बांडी विकली, गाभण असताना विकली, आणि बयाबाई पाथर्डी फाट्याला ललितच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी आली. दावं तिने कपड्यांच्या पिशवीत तळाशी घालून आणलं होतं.

पहिल्याच संध्याकाळी दिवा लावून ती बसली आणि फोन थरथरला. अक्षरं तिने उतारवयात, गावच्या रात्रीच्या वर्गात शिकलेली. बोट ठेवून तिने वाचलं. बांडी. बसली आहे. रवंथ सुरू.

बयाबाईने फोन उलटा केला, सुलटा केला, पुन्हा वाचलं. मग तिला पट्टा आठवला. गावी गाय डोळ्यांसमोर असायची, तेव्हा हे निरोप कुणी वाचतच नसे. तीन तालुके पलीकडे कुठल्या तरी गोठ्यात, कुठल्या तरी पत्र्याखाली, बांडी पोट टाकून बसली होती आणि तोंड हलवत होती. नवी जागा पटली होती तिला. नाहीतर गाय पहिल्या दिवशी बसत नाही. बयाबाईने डोळ्यांना पदर लावला आणि सुनेला म्हणाली, "संजना, भाकर टाक. आता जेवीन मी."

तेव्हापासून तिचा दिवस चार तुकड्यांचा झाला. सकाळी चहाच्या वेळी एक निरोप, दुपारी एक, दिवेलागणीला एक आणि निजण्याआधी एक. मधला वेळ फ्लॅटमध्ये कसा काढायचा ते तिला कळत नसे. खाली वॉचमनची खुर्ची, समोरच्या इमारतीवर टॉवर, त्याच्यामागे पांडवलेण्याचा डोंगर. ती गॅलरीत बसून टॉवरकडे बघे. हा बांडीचा टॉवर नव्हे, हे तिला माहीत होतं. पण त्याचाच भाऊबंद असणार. निरोप आला की एवढंच कळे: चालली, बसली, रवंथ केला. जिच्या शेपटीचा गोंडा कुत्र्याने तोडला तेव्हा जिला हळद भरून मांडीवर घेतलं होतं, आणि म्हणून जिचं नाव बांडी पडलं होतं, ती गाय तेवढ्या दोन शब्दांत पूर्ण मावायची. बाकीचं बयाबाई मनाने भरी. बसली आहे, म्हणजे उजव्या कुशीवर, डावीवर कधीच नाही. चालली, म्हणजे पाण्याला गेली, आणि हौदाशी आधी फुंकर मारून मग प्यायली.

"आई, एवढा फोन तर मी लग्न ठरल्यावरसुद्धा बघत नव्हते," संजना म्हणे.

"तुझा नवरा रवंथ करत नव्हता ना," बयाबाई म्हणे, आणि दोघी हसत.

पण एक दिवस ललित जरा चाचरतच बोलला. "आई, तेजल मॅडमचा पुन्हा फोन आला होता. तो पट्टा फुलाबाईच्या नावावर करायचाय. गाय त्यांची, निरोप आपल्याकडे येतात. बरं नाही दिसत ते. त्यांना तर पट्टा काय करतो हेही माहीत नसेल."

"करू की. घाई काय हाय?"

"दोन मिनिटांचं काम आहे. एक नंबर येईल तुझ्या फोनवर, तो त्यांना सांगायचा. झालं."

"अन् मंग माझ्या फोनवर?"

ललितने खाली बघितलं. "मग नाही येणार."

बयाबाई गॅलरीतून टॉवरकडे बघत राहिली. "विऊ दे तिला," ती म्हणाली. "बाळंतीण सुखरूप झाली का मंग देऊ. तेवढं तरी बघू दे."

ललितला नाही म्हणवलं नाही.

मग ती सकाळ उजाडली. चहा समोर होता. फोन थरथरला आणि बयाबाईने बोट ठेवलं. आजवर हिरवी असलेली ओळ लाल होती. बांडी. रवंथ फार कमी. जनावर तपासा.

तिने पुन्हा वाचलं. मग संजनाकडून वाचून घेतलं. तेच निघालं.

"आई, फोन लावा ना त्यांना."

बयाबाईचं बोट फुलाबाईच्या नावापाशी गेलं आणि तिथेच थांबलं. फोन लावला तर ती पहिलं काय विचारील? तुम्हाला कसं कळलं, हेच. मग पट्ट्याचं सांगावं लागेल. मग ती म्हणेल, आमची गाय, आम्हाला द्या. आणि देणं तर रास्तच होतं. बयाबाईने फोन मांडीवर ठेवला. चारा बदलला असेल. आभाळ असेल. गाय आहे, एखाद दिवस तोंड फिरवते. "दुपारचा निरोप येऊ दे," ती संजनाला म्हणाली. "तवर सुधरंल."

संजनाने पोळ्या लाटताना दोनदा वळून बघितलं.

ती दुपार काही लवकर येईना. बयाबाई उठली, बसली, पिशवीतलं दावं काढून पुन्हा आत ठेवलं. जिवंत माणसाला हाक मारता येते, पत्र लिहिता येतं. पट्ट्याला काही विचारता येत नाही. तो झोपलेला असतो. त्याची वेळ झाली की तोच बोलतो. पाथर्डी फाट्यावर गाड्यांचा गलका चालला होता, आणि बयाबाईला वाटत होतं की सगळ्या नाशकात कुठे काही आवाजच नाही.

फोन थरथरला. लाल ओळ. रवंथ नाही. सकाळपासून बसलेली.

पुढचं वाचायला ती थांबली नाही. तिने फुलाबाईला फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला.

"कोन बोलस?" पलीकडून बागलाणी हेल आला.

"फुलाबाई, मी बयाबाई. विंचूरची. बांडी खाते का गं?"

"नही वं बाई. काल रातपासून तोंड लावत नही. माले वाटनं नवी जागा शे, म्हनीसन तोंड फिरावस. पन तुमले कसं कळनं?"

"ते मागून सांगते. आधी डॉक्टर बोलाव. आत्ता. पोटात वासरू हाय तिच्या, फुलाबाई, उशीर नको करू. उठत नसंल तर ओढू नका तिला."

"ओ, आयकतस का! ओ!" फुलाबाई फोन तसाच हातात धरून नवऱ्याला हाका मारत निघाली. तिच्या पावलांचा आवाज आला, कोंबड्या फडफडल्या, आणि फोन तुटला.

डॉक्टर दिवेलागणीच्या आत पोचला. ताप होता, पोट बंद पडलेलं. फुलाबाईने रात्री फोन करून सांगितलं, दोन बाटल्या चढवल्या, अजून एक दिवस गेला असता तर गाय वाचती पण वासरू हाती लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाला. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी निरोप आला. ओळ लालच होती, पण रवंथ थोडा होता. तिसऱ्या दिवशी ती हिरवी झाली. संजनाने एकदा पाठीवरून हात फिरवला, तेव्हा बयाबाई एवढंच म्हणाली, "सकाळीच लावायला पायजे होता गं."

आठ-पंधरा दिवसांनी फुलाबाईचाच फोन आला. "बाई, वासरी शे! काळी-पांढरी! उभी ऱ्हायनी बी!"

बयाबाईने आधी फोनला आणि मग कपाळाला हात लावला. मग आपणच म्हणाली, "ललित, त्या मॅडमला फोन लाव. तो नंबर मागव."

फुलाबाईला पट्ट्याचं सगळं सांगून झालं, आणि रविवारी सकाळी ललित शेजारी बसला. सहा आकडे फोनवर उमटले. तिकडे फुलाबाई गोठ्यात उभी होती, तिच्या हातात स्वतःचा फोन, कानाशी सावळीरामचा.

"सांगा बाई."

बयाबाई बोट ठेवून एकेक आकडा वाचू लागली. चार. सात. शून्य. फुलाबाई मागोमाग म्हणत होती. दोन. नऊ.

मग बयाबाई थांबली.

"पुढला, बाई?"

"आई, वेळ संपेल त्याची," ललित हळूच म्हणाला.

"फुलाबाई, तू तिला हाक काय मारते?"

"आमी गौरी म्हनतस. नाव चांगलं शे ना? पन ऐकत नही ती. तिन्हीत्रिकाळ वरडी ऱ्हायनू."

"बांडी म्हण. लांबवून म्हण जरा. बां-डी. अन् मागं उभी राहून म्हण, समोरून नको."

फोनवर पावलं वाजली. मग लांबून, संकोचलेल्या आवाजात, फुलाबाईने हाक मारली. पलीकडे काहीच ऐकू आलं नाही, ना हंबरणं, ना घंटी. घंटी तर इथे, पिशवीत दाव्याबरोबर होती.

"मान फिराई वं बाई!" फुलाबाई एकदम ओरडली. "मान फिराई तिनी! कान बी हालावना!"

"पाच," बयाबाई म्हणाली. "शेवटचा पाच हाय."

ललितने फोन बघितला. बयाबाईनेही वाकून वाचलं. जिथे बांडीचं नाव होतं तिथे लिहिलं होतं: आपल्या खात्यावर एकही जनावर नाही.

दुपारी जेवणं झाली. संजना भांडी आवरून बाहेर आली, तेव्हा सासू गॅलरीत बसलेली होती. मांडीवर जुनं दावं, हातात फोन. फोन गप्पच होता.

"काय बघताय, आई?"

बयाबाईने टॉवर सोडून दूर, सटाण्याच्या अंगाला बोट केलं.

"आता बसली असंल," ती म्हणाली. "उजव्या कुशीवर."