सत्यवतीची खारी आंघोळ

मी एक जुनी व्हॅन आहे, मित्रांनो. रंग पांढरा, म्हणजे जिथे उरला आहे तिथे पांढरा. सध्या माझा मुक्काम कळंबोलीच्या लोखंड बाजारामागे, एका भंगारवाल्याच्या आवारात आहे. समोर गॅस कटर पेटवायची तयारी चालली आहे, तेव्हा माझी गोष्ट थोडक्यात सांगते.

माझा पहिला मालक कमलाकर. नवीन पनवेलला राहायचा, बँकेत कारकून होता. मला फक्त रविवारी बाहेर काढायचा आणि दीड मग पाण्यात माझी आंघोळ उरकायचा. माणूस वाईट नव्हता, पण माझ्यावर त्याचा जीव नव्हता. नवी गाडी दारात आली आणि त्याने मला विकून टाकलं. मी जाताना त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

मला घेतलं ते पनवेल कोळीवाड्यातल्या काशिरामने. तो जन्मापासून पाण्यावरचा माणूस. पण खाडीत भराव पडत गेला, मासळी दूर गेली आणि त्याला होडी विकावी लागली. तिचं नाव होतं सत्यवती. मला घरी आणल्यावर त्याने पहिलं काम काय केलं असेल, तर लाल रंगाने माझ्या कपाळावर तेच नाव काढलं. त्याची बायको गंगाबाई हसून म्हणाली, "आता हिला वल्ही पन लावा!"

मग माझे खरे दिवस सुरू झाले. पहाटे करंजा बंदरावर जायचं, बर्फ आणि मासळी भरायची आणि पनवेलच्या बाजारात उतरवायची. गंगाबाई पुढच्या सीटवर पाटी मांडीवर घेऊन बसे आणि सगळ्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या मला ऐकवी. डॅशबोर्डवर एकवीरा आईचा फोटो होता. नारळी पुनवेला दर्याला नारळ द्यायच्या आधी मला हळदकुंकू लागे. माझ्यासारख्या पत्र्याच्या डब्याला एवढा मान कोण देतो? मी तर हरखून गेले होते.

बाजार उठला की काशिराम मला खाडीकाठी नेई आणि बादल्या भरभरून, टपापासून चाकांपर्यंत, खाडीच्या पाण्याने न्हाऊ घाली. शेजारी नळाचा पाइप देऊ करत. तो म्हणे, "नाय रं बाबा. गोड्या पान्यानं होडी कुजते. खाऱ्या पान्यानं ती जगते. आमच्या बापानं होडीला कधी नळाचं पानी लावलं नाय."

होडीचं त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. पण मी लाकडाची नव्हते.

मीठ माझ्या सांध्यासांध्यांत शिरलं. मला ते कळत होतं, पण सांगणार कशी? हॉर्न वाजवणं काशिरामच्या हातात होतं, माझ्या नव्हे. एक दिवस ब्रेकच्या पेडलखालचा पत्राच गळून पडला. गॅरेजमध्ये मिस्त्रीने गंगाबाईला बाजूला घेतलं. "मावशी, मिठानं खाल्लीय ही. काका खाडीत धुतात ना? आता वेल्डिंग धरायलाही पत्रा उरला नाही."

गंगाबाईने तोंडाला पदर लावला. "त्यांना बोलू नको. होडी गेली तवाच मानूस अर्धा झालाय. आपल्याच हातानं हिला मारली असं कललं, तर तो उठायचा नाय."

घरी तिने सांगितलं, गाडीचं वय झालं. त्या दिवसापासून मित्रांनो, माझी एकच इच्छा उरली होती. काशिरामला हे कधीही कळू नये.

मला भंगारात द्यायचा दिवस आला. त्याने बॅटरी काढली, टेप काढला, एकवीरा आईचा फोटो टॉवेलात गुंडाळला. मग बादली उचलली आणि खाडीकडे निघाला. गंगाबाई म्हणाली, "आज कशाला?" तो म्हणाला, "लेक सासरी जाते तवा बिनआंघोलीची जाते काय?" त्याने मला पुन्हा खाऱ्या पाण्याने धुतलं, कानाकोपऱ्यात हात घालून. गंगाबाई पाठ फिरवून उभी राहिली.

एका टेम्पोने मला ओढत इथे आणलं, ती दोघंही त्याच टेम्पोत बसून आली. भंगारवाला शिवा बोलका आणि मनाचा साधा. त्याने टपाला स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर तो आरपार गेला.

"वजन करा नि आमाला मोकलं करा," गंगाबाई घाईने म्हणाली.

पण शिवाला राहवलं नाही. "मासळीच्या गाड्यांचा मागचा पत्रा जातोच हो काका, बर्फाच्या पाण्यानं. ही तर टपापासून सडलीय. कोणी समुद्राच्या पाण्यानं धुवत होतं की काय?" आणि तो हसला.

काशिरामने गंगाबाईकडे पाहिलं. तिची मान खाली गेली.

"तुला ठावं व्हतं?"

तो स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिला. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता कटर चालवावा आणि हे थांबावं.

मग त्याने शिवाला विचारलं, "गोडं पानी हाय का?"

शिवाला वाटलं, म्हाताऱ्याला तहान लागली. त्याने तांब्या आणून दिला. काशिरामने तो माझ्या कपाळावर ओतला. मग नळाखाली बादली लावली आणि रुमालाने मला पुसू लागला.

"पुरं करा आता," गंगाबाई म्हणाली.

"आज तरी नीट धुवू दे."

लाल रंगाचे पोपडे निघाले. सत्यवती हे नाव थोडं थोडं करून त्याच्या रुमालावर आलं.

आरटीओ ऑफिसात जमा करायला शिवाने माझ्या चासी नंबराचा तुकडा कापून दिला, तो गंगाबाईने घेतला. काशिराम तोवर रस्त्याला लागला होता. त्यानेही मागे वळून पाहिलं नाही. त्याला ते झेपलं नसतं.

मित्रांनो, हेळसांडीने गाड्या मरतात, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी मायेने मेले. तुम्ही कुणावर जीव लावलात, तर त्याला काय मानवतं ते आधी बघा. आणि कधी पनवेलच्या कोळीवाड्यात गेलात, खाडीकाठी रिकामी बादली घेऊन बसलेला म्हातारा दिसला, तर त्याला सांगा की गाडी वयानेच गेली. त्याचा विश्वास बसणार नाही. तरी सांगा.