शांताबाईंच्या गोष्टीचा हुंकार

लोकसाहित्यवाल्यांची जमात मोठी न्यारी. तिघे जमले की चार मतं, आणि चौथं मत चुकीचं आहे यावर मात्र सगळ्यांचं एकमत. पण एखाद्या म्हातारीकडे न ऐकलेली गोष्ट शिल्लक आहे अशी नुसती कुणकुण लागू दे, हीच माणसं भर उन्हात पदरचे पैसे मोडून रिक्षा बदलत बदलत तिच्या दारात जाऊन उभी राहतील. असली वेडी माणसं आहेत म्हणून तर आपल्या आज्या-पणज्यांचं काहीतरी उरलंय.

डोंबिवलीची देवयानी दळवी याच जमातीतली. ती कॉलेजात तासिकेवर शिकवायची आणि उरलेला वेळ खाडीकाठच्या बाळकुम गावातल्या आगरी बायकांच्या गोष्टी गोळा करायची. त्यावर तिनं पीएचडीचा प्रबंध लिहिला होता आणि प्रबंधाचा सगळा जीव होता शांताबाईंच्या एका गोष्टीत. शांताबाईंचं तरुणपण तिथल्याच मिठागरात गेलेलं. आता त्या लेकाच्या फ्लॅटमध्ये, बाराव्या मजल्यावर राहायच्या. गोष्ट अशी, की खाडी सात भावांना ओढून नेते आणि धाकटी बहीण त्यांना परत मागायला काठावर येते. ही गोष्ट दुसरीकडून आलेली नाही, ती मिठागरातच जन्मली, असं देवयानीचं म्हणणं.

घोडं पेंड खात होतं ते शेवटाशी. बहीण काठावर यायची, खाडीला हाक मारायची, आणि शांताबाई म्हणायच्या, "झाली गोष्ट." पुढे काय म्हणून विचारावं, तर झाली म्हटलेली गोष्ट परत उघडायची नसते, असं म्हणून त्या चहा टाकायला उठायच्या. देवयानीनं चार वेळा रेकॉर्डिंग केलं, चारही वेळा तेच.

प्रबंध तपासायला बाहेरच्या विद्यापीठातल्या मृणाल मॅडम होत्या. त्यांचं नाव निघालं की भले भले आपल्या तळटिपा पुन्हा चाळतात. त्यांनी अहवालात सरळ लिहिलं, की हा कुठूनतरी वाहत आलेला तुकडा दिसतो. शेवटच नाही, तर ही गोष्ट बाळकुमची कशावरून? तोंडी परीक्षेत समाधानकारक उत्तर द्यावं, नाहीतर प्रबंध दुरुस्तीसाठी परत. देवयानीला पदवी लांबण्याचं दुःख होतंच, पण खरं झोंबलं ते वेगळंच. मिठागरं गेली, शेतं गेली, तिथं टॉवर आले. आता गोष्टसुद्धा तुमची नाही असं ठरलं, तर त्या बायकांनी आपलं म्हणून सांगायचं तरी काय?

परीक्षा शनिवारी, कल्याणच्या कॉलेजात. बुधवारी ती पुन्हा बाळकुमला गेली. पंखा बंद केला, खिडकी लावली, रेकॉर्डर मांडला आणि मार्गदर्शक हरिहर सरांनी शिकवल्याप्रमाणे तोंडाला कुलूप घातलं. संशोधकाचा आवाज टेपमध्ये येता कामा नये, ही सरांची पहिली शिकवण. शांताबाईंनी गोष्ट सुरू केली. त्या मध्येमध्ये थांबून देवयानीच्या तोंडाकडे बघायच्या, देवयानी नुसती मान हलवायची. बहीण काठावर आली. आता "झाली" म्हणणार, तेवढ्यात फोन वाजला. शहाडला दिलेली धाकटी बहीण, कांता. शांताबाईंनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि सांगितलं, की ही डोंबिवलीची पोर सात भावांची गोष्ट ऐकायला आली आहे.

"कुठवर आली?" कांतानं विचारलं.

"खाडीवर."

"हं. मंग?"

आणि काय सांगावं, शांताबाई पुढे बोलायला लागल्या! खाडी बहिणीला म्हणाली, ने तुझे भाऊ, पण ओळखून ने. "हं," कांता म्हणाली. खाडीनं अंगावर जरीचे शेले पांघरलेले शंभर राजपुत्र काठावर उभे केले, सगळे एका तोंडवळ्याचे. "हं, मंग?" बहिणीनं एकाचंही तोंड पाहिलं नाही. ती म्हणाली, पायाचे तळवे दाखवा. आणि मिठागरात राबून मिठानं चिरलेल्या, भेगाळलेल्या तळव्यांवरून तिनं आपले सातही भाऊ वेगळे काढले. कांताचा हुंकार चालला होता आणि त्याच्या बोटाला धरून गोष्ट चालली होती.

देवयानीला रडू आलं आणि मग स्वतःचंच हसू आलं. गोष्ट ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो, हे काय तिला ठाऊक नव्हतं? प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात तिनं हुंकारावर अकरा पानं लिहिली होती, संदर्भांसकट! आणि प्रत्यक्ष म्हातारीपुढे बसल्यावर आवाज स्वच्छ यावा म्हणून मुकी. याला म्हणतात दिव्याखाली अंधार. शांताबाईंना विचारलं, तर त्यांनी सहज सांगितलं, की हुंकार येत नाही म्हणजे ऐकणारा झोपला, खाडीपर्यंत वाट बघायची. मग झोपलेल्याला कशाला सांगा, गोष्ट मिटवायची.

शनिवारी कल्याणच्या त्या हॉलमध्ये जमातीतले पंचवीसेक जण आले होते. शांताबाईंना हरिहर सर स्वतः रिक्षातून घेऊन आले होते आणि त्या मागच्या बाकावर बसल्या होत्या. देवयानीनं काही लपवलं नाही. चार रेकॉर्डिंगं अपुरी का राहिली आणि पाचवं पुरं कसं झालं, ते तिनं क्रमानं सांगितलं. शिष्यांना गप्प बसायला शिकवणारे हरिहर सर पहिल्या रांगेत ताठ बसून ऐकत होते. पोरीनं आपल्याच शिकवणीतली खोट काढली, याचा अभिमान त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

मृणाल मॅडमनी चष्मा काढला. रेकॉर्डिंग मी ऐकेनच, त्या म्हणाल्या, पण गोष्ट तुम्हाला येते का? येत असेल तर सांगा.

देवयानी सांगायला लागली. हॉल चिडीचूप. परीक्षेत कोण मध्ये बोलणार? दोन-चार वाक्यांतच तिची जीभ जड झाली. समोर शिकलेले पंचवीस चेहरे नुसते बघत होते, आणि चार वेळा शांताबाईंना आपल्यासमोर बसून काय वाटलं असेल, ते तिला कळलं. बहीण काठावर आली आणि देवयानीला पुढचा शब्द सुचेना.

"हं," मृणाल मॅडम म्हणाल्या.

मग हरिहर सर म्हणाले. मग सगळी जमातच म्हणाली, एका मताची अख्ख्या आयुष्यातली पहिलीच वेळ असावी. देवयानी मान वर करून सांगत सुटली. परीक्षेच्या अध्यक्षांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, तर मृणाल मॅडमनी त्यांना हातानंच थांबवलं. तळव्यांच्या भेगा आल्या तेव्हा त्यांनी मांडीवरच्या अहवालावर काट मारली आणि गोष्ट संपल्यावर उभं राहून म्हणाल्या, "ही मिठागराचीच गोष्ट आहे. माझं म्हणणं मी मागे घेते. अभिनंदन, डॉक्टर दळवी."

टाळ्या झाल्या, पेढे झाले. देवयानी शांताबाईंच्या पाया पडायला मागच्या बाकापाशी गेली, तर त्या फोनवर कांताशी बोलत होत्या. डॉक्टर म्हणजे नेमकं काय, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. देवयानीच्या डोक्यावर एक हात ठेवून त्या शहाडला कळवत होत्या:

"गोष्ट पोरीकडं गेली गो कांता. आता ती सांगल. आपन नुसतं हं म्हनाचं."