चौतीस इंचांचा संसार

शहरातला प्रत्येक तराजू ज्यांच्या चाहुलीने थरथरे, त्यांना बाजारपेठ काटेसाहेब म्हणे. वजने-मापे खात्यात ते निरीक्षक होते. आपली सावली दुकानात पडली की पारड्याखाली चिकटवलेले मेण लाजून आपोआप गळून पडते, अशी त्यांची समजूत होती आणि ती खोटी ठरवण्याची हिंमत कुणात नव्हती. लाच त्यांनी आयुष्यात घेतली नाही. बेकरीतला काटा तपासून झाला की मालक बिस्किटांचा ट्रे पुढे सरकवी. तेव्हा ते फक्त चव घेत. चव म्हणजे लाच नव्हे, हे त्यांनी स्वतःपुरते प्रमाणित करून घेतले होते. शहरात बेकऱ्या पुष्कळ होत्या आणि काटेसाहेब कुणावरही अन्याय करत नसत.

जगातली एकच वस्तू त्यांनी कधी तपासली नाही, ती म्हणजे स्वतःची कंबर. ती चौतीस होती. लग्नाच्या वेळी चौतीस होती, केस पिकले तेव्हा चौतीस होती, आणि साम्राज्ये कोसळून गेल्यावरही एखादा दगडी खांब उभा राहावा तशी ती आजही चौतीसच होती. पुरावा लेखी होता. पॅन्टच्या कमरपट्टीवर आतून शिवलेली पांढरी पट्टी, आणि तिच्यावर निळ्या दोऱ्याने भरलेला आकडा. ते पट्टा वापरत नसत. खात्यातल्या तरण्या कारकुनांची सुटलेली पोटे पाहून ते म्हणत, “शिस्त बाहेरून बांधायची नसते. ती आत असावी लागते.”

शिस्त आतच होती, हे खरे. फक्त ती त्यांची नव्हती, मेहुण्याची होती.

फार वर्षांपूर्वी एका सकाळी पॅन्टचा हूक लागेना. काटेसाहेब पलंगाच्या कडेला बसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर बायकोला जे दिसले ते तिने आधी कधी पाहिले नव्हते: खोट्या वजनासकट पकडलेल्या दुकानदाराचा चेहरा. तिला तो सहन झाला नाही. दुपारी तिने पॅन्ट पिशवीत घातली आणि भावाकडे गेली. भाऊ शिंपी. तिन्हीसांजेसारखा मऊ माणूस, गळ्यात कायम टेप, ओठांत टाचण्या.

“थोडी सैल कर,” ती म्हणाली. “त्यांना कळू देऊ नकोस.”

शिंपी पॅन्टच्या मागच्या शिवणीत थोडे कापड राखून ठेवतात. त्यातले बोटभर त्याने सोडले. हूक लागला, घरावरचे मळभ सरले. मग ऋतू बदलला की पिशवी निघू लागली. राखून ठेवलेले कापड संपले, तेव्हा त्याने त्याच रंगाची नवी पॅन्ट बेतली, जुनी पट्टी उसवून तिच्यावर शिवली आणि नवेपणाचा संशय येऊ नये म्हणून गुडघे विटेने घासले. नवे कपडे शिवणारे शिंपी गल्लोगल्ली सापडतील. जुने कपडे नव्याने शिवणारा हा एकटाच. भावजींचे माप घ्यायची वेळ आली, की टेपवर डोळा न टाकता तो मोठ्याने म्हणे, “कंबर, चौतीस.” आणि काटेसाहेब आरशातल्या स्वतःकडे बघून मान डोलावत. काही माणसे प्रेम बोलून दाखवतात. या घरात ते शिवणीत दुमडून ठेवत, बोटभर, बोटभर, जोवर कापड पुरे तोवर.

मग खात्याने सगळ्या अधिकाऱ्यांची आरोग्य तपासणी सक्तीची केली.

अंधारलेल्या खोलीत, पोटावर गार जेल घेऊन काटेसाहेब उताणे पडले होते. डॉक्टरीणबाई पडद्याकडे पाहत म्हणाल्या, “यकृतात चरबी आहे. बरीच.”

“शक्य नाही. मी दारूच्या थेंबाला शिवलेलो नाही.”

“साखरेनं आणि मैद्यानंही तेच होतं. फक्त माणूस रस्त्यात गाणी म्हणत नाही, म्हणून घरच्यांना कळत नाही.”

“तुमचं हे यंत्र शेवटचं प्रमाणित कधी झालं?”

बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिले. “कंबर किती आहे तुमची?”

“चौतीस.”

“उठा, मोजू या.” त्यांनी खणातून टेप काढली.

“कापडी टेप ताणली जाते,” काटेसाहेब शर्ट खाली ओढत म्हणाले. “ते माप ग्राह्य धरता येत नाही.”

“बरं, माप राहू द्या. जिना चढताना दम लागतो? छातीत दडपल्यासारखं होतं?”

“नाही.”

हे उत्तर त्यांनी तत्परतेने दिले. ते तिसऱ्या मजल्यावर राहत. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आग लागल्यास काय करावे याची सूचना लावलेली होती, आणि काटेसाहेब रोज संध्याकाळी भिंतीला हात टेकून ती इतक्या तन्मयतेने वाचत, की आग लागलीच तर सबंध इमारतीत तेवढे एकच माणूस नियमानुसार जळाले असते.

“यकृतावर चरबी चढलेली बरीच माणसं यकृतानं जात नाहीत,” बाई चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाल्या. “ती हृदयानं जातात. एकाच घरातल्या दोन खोल्या आहेत त्या. एकीत गळती लागली की दुसरीची भिंत ओली होते. उद्याच हृदयाची तपासणी करून घ्या. पुढच्या महिन्यात नाही, उद्या.”

रात्री जेवताना काटेसाहेबांनी हा प्रसंग विनोद म्हणून सांगितला. चिठ्ठी त्यांनी टेबलावरच्या पितळी वजनाखाली सरकवली. “चौतीस कंबरेच्या माणसाला चरबी,” ते हसले आणि तिसऱ्यांदा वाढून घेतले. “उद्या म्हणतील, तुमच्या सरळ नाकाला बाक आहे.”

बायको हसली नाही. वळणावरची सूचना ते का वाचतात हे तिला ठाऊक होते; वरच्या दारात उभी राहून ती त्यांचा श्वास ऐकत असे. एवढी वर्षे आपण त्यांची लाज झाकत होतो, असे तिला वाटत आले होते. आज ताटावरून नजर उचलताना तिला कळले, की आपण काही वेगळेच झाकत होतो, आणि ते आत बसून वाढत होते. जेवण तसेच टाकून ती भावाकडे निघाली.

भाऊ दुकान आवरत होता. त्याने सगळे ऐकले आणि ओठांतल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. “ताई, सांगून टाक त्यांना.”

“मी सांगितलं तर म्हणतील, तुलाही डॉक्टरणीनं फितवलं. ते माणसांचं ऐकत नाहीत रे. मापाचं ऐकतात.”

“मग काय करू मी?”

“खरी चौतीस शिव. सकाळी घेऊन ये, आणि थांब बाहेरच्या खोलीत.”

“मी कशाला? ते मला उभा चिरतील.”

“चिरू देत. शिवता येतं तुला.”

सकाळी पलंगावर घडी घातलेली पॅन्ट होती. काटेसाहेबांनी एक पाय घातला, दुसरा घातला, आणि पॅन्ट मांड्यांपाशी येऊन थांबली.

“कापड आटलंय,” ते म्हणाले.

“पाण्यात घातलंच नाही अजून.”

“मग शिंप्यानं घोळ घातलाय.”

“मोजा की,” ती म्हणाली. “तुमच्याच टेपनं.”

खात्याची शिक्का मारलेली पोलादी टेप कपाटात मखमलीच्या पिशवीत असे. काटेसाहेबांनी कमरपट्टी टेबलावर सपाट पसरून टेप लावली. चौतीस. सुताचा फरक नाही. खुंटीवर कालची पॅन्ट लटकत होती. तीही का मोजावीशी वाटली, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. आत पांढरी पट्टी होती, निळा आकडा होता, आणि टेपवर बेचाळीस होते.

त्यांनी पुन्हा मोजले. मग तिसऱ्यांदा. आयुष्यात प्रथमच ते एखादे माप खोटे निघावे म्हणून मोजत होते.

“कधीपासून?” त्यांनी विचारले.

“मोठीचं बारसं झालं, त्या वर्षापासून.”

मोठी आता स्वतःच्या संसाराला लागली होती. काटेसाहेबांनी दोन्ही कमरपट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी लावल्या. मग त्यांनी दाराकडे न पाहता हाक मारली, “मास्तर, आत या. बाहेर तुमच्या टाचण्या वाजतायत.”

मेहुणा आला आणि भिंतीला लागून उभा राहिला.

“माप घ्या.”

त्याने टेप त्यांच्या कमरेभोवती घातली, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याचे तोंड आपोआप उघडले. “कंबर, चौतीस.”

“पुन्हा.”

“भावजी...”

“ताणू नका. सैलही सोडू नका. बघून सांगा.”

मेहुण्याने प्रथमच टेपवर डोळा टाकला. “बेचाळीस.”

खिडकीतून आलेले ऊन पोलादी टेपवर पडून छतावर एक बारीक, थरथरती रेघ उमटली होती.

“दुकानदार असतात, तर दोघांचंही शटर कायमचं खाली ओढलं असतं मी,” काटेसाहेब शेवटी म्हणाले. आवाजात नेहमीची जरब होती. फक्त तिच्यामागे निरीक्षक नव्हता.

“ओढा,” बायको म्हणाली. “आधी तपासणी करून येऊ, मग ओढा.” तिने पितळी वजन उचलून खालची चिठ्ठी घेतली.

“आणि जाऊ काय घालून? ही चढत नाही, ती खोटी आहे.”

“खोटीच घाला. आज तीच बसते.”

त्यांनी मेहुण्याच्या हातातली छोटी कात्री घेतली, निळ्या आकड्याची पट्टी स्वतःच उसवली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. मग पॅन्ट चढवली. हूक सहज लागला. इतकी वर्षे सहज लागत आला होता. तो आवाज आज त्यांनी पहिल्यांदा ऐकला.

जिना उतरायला सुरुवात झाली. पुढे मेहुणा, मागे हे दोघे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर काटेसाहेब सवयीने थांबले. सूचना समोर होती. त्यांनी ती वाचली नाही. कठड्यावर हात ठेवून ते खाली बघत राहिले.

“वर येताना इथे छाती दाबल्यासारखी होते,” ते म्हणाले. “रोज.”

बायकोने त्यांचा कोपर धरला. “किती दिवस झाले?”

काटेसाहेब एक पायरी उतरले.

“मोजलं नाही,” ते म्हणाले.