अर्ध्या काठीवरचा झेंडा

ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या बोडिलने हिवाळाभर वेबसाइट करायला शिकण्याचा सपाटा लावला होता. शिकवणी नाही, पुस्तक नाही. एखादी नीटनेटकी साइट दिसली की तिची आतली बांधणी उघडायची आणि एकेक ओळ खोडून बघायची, काय कोसळतं ते. शिवणाची टेप पडद्याला लावून तिने मोकळ्या जागासुद्धा मोजल्या. बेकरीच्या साइटवर ती अक्षरांचे आकार शिकली. खरा ऐवज मात्र दीपगृहाच्या साइटवर सापडला: पडदा कितीही लहानमोठा करा, दिवा आपला बरोबर मध्यावर. ती ओळ तिने वहीत उतरवली आणि खाली दोन रेघा मारल्या.

हा सगळा खटाटोप बेटावरच्या होड्या वल्हवणाऱ्यांच्या क्लबाच्या साइटसाठी होता. चिटणीस वाग्नचं म्हणणं, साइट ओडेन्से शहरातल्या कंपनीला द्यावी, सदुसष्टाव्या वर्षी माणसाने विणकाम करावं. अध्यक्ष आस्गरने तोड काढली. शनिवारी त्याला पंचाहत्तर पुरी होत होती. त्याचं पान बोडिलने करावं. जमलं तर साइट तिची, नाही तर कंपनीची. बोडिलला ती साइट हवी होती, अगदी मनापासून. निवृत्तीनंतर कुणी तिच्यावर काही सोपवलंच नव्हतं.

पान झकास उतरलं. आस्गरचा काळापांढरा फोटो, जन्मसाल, 'शनिवारी नऊपासून घर सर्वांना खुलं', आणि बाजूला काठीवर झेंडा. चांगल्या साइटवर शब्द कमी असतात हे ती शिकली होती, म्हणून 'वाढदिवस' हा शब्दही तिने काढून टाकला. बेटावर वाढदिवशी घरापुढे झेंडा चढवतात; तो असताना शब्द कशाला? झेंड्याला तिने दिव्याची ओळ लावली. तिच्या संगणकावर काठीचं टोक नेमकं मध्यावर येत होतं आणि झेंडा तिथे डौलात उभा होता. स्वतःचा फोन बटणांचा असल्यामुळे फोनवर काय दिसतं, हे बघायचा प्रश्नच आला नाही.

शनिवारी ती पावांची टोपली घेऊन पोचली, तर आस्गर पायजम्यात दारात उभा आणि हातात पांढऱ्या लिलींचा गुच्छ.

"बेकरीवाली टोवे देऊन गेली," तो म्हणाला. "मला बघून पायरीवरच मटकन बसली बिचारी."

त्याने फोन पुढे केला. फोनवर काठी पडदाभर लांबली होती आणि झेंडा इमानाने मध्यावर, म्हणजे अर्ध्यावर. अर्ध्यावरचा झेंडा म्हणजे घरातलं कुणी गेलं, हे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. गेली साइट.

"एक आकडा चुकलाय रे. दोन मिनिटांत वर चढवते."

"थांब. वाग्न अजून आला नाही. टोवे म्हणत होती, तो भाषण लिहितोय."

साडेदहाला वाग्न आला. काळा सूट, हातात कागद. बोडिलने दार उघडलं. वाग्नने उंबऱ्यावरच घसा खाकरून वाचायला घेतलं.

"बत्तीस वर्षं मी आस्गरला विरोध केला, कारण दर वेळी तोच बरोबर असायचा. हे त्याला सांगायचं राहून गेलं." त्याने कागद उलटला.

"मग साइटचं काय करायचं?" आतून आस्गर कडू दारूचे दोन पेले घेऊन आला.

वाग्नने आस्गरकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि भिंतीला टेकला. एक पेला रिकामा करून तो म्हणाला,

"बोडिल, तो झेंडा आधी वर चढव. आणि यापुढे तूच बघत जा ते सगळं."

बोडिलला रडू आलं, ते तिने लपवलंही नाही. मग नाक पुसून तिने वाग्नपुढे हात केला.

"तुझा फोन दे. आधी त्यावर बघते."