खुर्चीवरचा उजेड

“आता बसून बघा, बाबा,” मनाली स्टुलावरूनच म्हणाली. खोपोलीहून आणलेला चिमट्याचा दिवा तिने खिडकीच्या गजाला लावून त्याची मान खाली वळवली होती. खाली तिचे सासरे, कमळाकर, ग्रंथ उघडून खुर्चीत बसले. मान पुढे केली, मागे घेतली.

“सावली पडतेय गं. माझ्याच डोक्याची.”

हॉलमधल्या उजेडाचा हा तिसरा फेरा. आधी जुनी ट्यूब काढून वीस वॅटची पट्टी लावली. मग भिंतीचा गडद हिरवा रंग उजेड खातो म्हणून तिच्या नवऱ्याने, प्रबुद्धने, सुट्टी घेऊन पांढरा मारला. घरात कुणाची कुरकुर नव्हती. वर्षावासात, पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, वस्तीचं धम्मग्रंथाचं वाचन याच हॉलमध्ये होई आणि बावीस वर्षं वाचणारे एकच, बाबा. साजगावच्या कारखान्यातली पाळी संपली की हातपाय धुऊन, पांढरा सदरा चढवून ते या खुर्चीत बसत. रिटायर झाल्यावर तर ‘वाचणारे कमळाकर’ एवढीच त्यांची ओळख उरली होती. मध्ये शेजारच्या भिवाजीकाकांनी, तरण्या पोरांनाही वाचू दे की, असं सहज म्हटलं, तर बाबा दोन दिवस धड जेवले नव्हते.

शेवटी दिवा वीतभर सरकवला, तेव्हा ते म्हणाले, “हां. आता बरं हाय.”

रविवारी संध्याकाळी हॉल भरला. मेणबत्ती लागली, त्रिशरण-पंचशील झालं. चिमुरड्या लेकीला, ऋतिकाला, थोपटत मनाली खुर्चीला लागूनच बसली. बाबांचा आवाज नेहमीचाच, भरदार. नव्या लायटीनं कमळाकर पार तरणा झाला, असं चंद्राबाई पुटपुटल्या नि बायका हसल्या.

बाबांनी पान उलटलं. एकाच्या जागी दोन गेली, चिकटून. समोर नव्या प्रकरणाचं ठळक नाव आलं. आता अडखळतील, मागे येतील, म्हणून मनाली थांबली. पण अर्धं राहिलेलं वाक्य बाबांनी बिनचूक पुरं केलं आणि पुढचंही शब्दाला शब्द म्हणत गेले. बोट मात्र भलत्याच ओळींवरून सरकत होतं.

मंडळी गेल्यावर तिने सतरंजी गुंडाळली. मग हळूच म्हणाली, “बाबा, दोन पानं उलटली होती.”

“आणिक कुणाला कळलं?”

“नाही.”

बाबांनी ग्रंथ मिटून मांडीवर ठेवला. “डोळ्यांच्या आतला पडदा गेलाय. डॉक्टरनं सांगितलंय. चष्म्यानं, आपरेशननं, कशानंच नाय यायचं.”

“मग आम्हाला लायटी कशाला बदलायला लावल्या?”

“वाटलं, लायटीचाच दोष निघंल.”

मनालीने समजूत घातली. सगळं पाठ आहे, कुणाला कळणार नाही, ती तर मुळीच सांगणार नाही. बाबांनी मान हलवली.

“खोटं बोलणार नाय म्हणून पंचशील घ्यायचं, नि लगेच वाचल्याचं सोंग करायचं? नाय पोरी.”

पुढच्या रविवारी पंचशील झाल्यावर ते खुर्चीकडे गेलेच नाहीत. मनालीला तिकडे बसवून स्वतः सतरंजीवर, भिवाजीकाकांच्या शेजारी टेकले.

“काय रं कमळाकर, रुसलास?”

“डोळे गेले रं. बावीस वर्षं नुस्तं वाचलं, ऐकलं कुठं? आता ऐकतो.”

भिवाजीकाकांनी त्यांच्यासाठी भिंतीशी जागा केली. ऋतिका आजोबांच्या मांडीवर जाऊन बसली.

मनालीचा आवाज पहिल्या ओळीला कापला, मग लागला. पानाच्या तळाशी आल्यावर तिने हळूच पाहिलं. बाबांचे डोळे मिटलेले होते, आणि ओठ तिच्या अर्धा शब्द पुढे चालले होते. ती पान उलटायला थांबली, तसे तेही थांबले.