अ‍ॅव्हरेज

आमच्या घरात मुलगी दहावी झाली की नर्स होते. आत्या नर्स, दोन्ही मावश्या नर्स, चुलत बहीण मरिया नर्स. त्यात वाईट काही नाही, पण मला रक्त बघवत नाही आणि काळं ऑइल बघवतं, हे मी पप्पांना किती वेळा सांगितलं याची गणतीच नाही. ते म्हणायचे, "गॅरेज हे बाईमानसाचं काम न्हाई, ग्रेस." झालं, विषय बंद.

पप्पा म्हणजे संगमनेरचे दानीएल मिस्त्री. झिजलेल्या इंजिनाचे सिलिंडर पुन्हा कातून द्यायचं त्यांचं वर्कशॉप नाशिक-पुणे रोडवर होतं. घर त्याच्या मागेच, मध्ये फक्त पत्र्याची भिंत. दहा वर्षं मी त्या पत्र्याला पाठ लावून अभ्यास केला आणि पलीकडे पप्पा माझ्या भावावर, स्टीफनवर, ओरडत असायचे ते सगळं ऐकलं. बोअर म्हणजे सिलिंडरचं तोंड केवढं, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल केवढी, पिस्टनवर रिंगा कशा बसवायच्या. स्टीफनने या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. माझ्या मात्र डोक्यात राहिलं. आणि मेकॅनिकल डिप्लोमाला पाठवलं कोणाला? स्टीफनला. पहिल्याच वर्षी त्याचे चार विषय राहिले.

अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये माझा दहावीचा निकाल लागला, ब्याऐंशी टक्के. डिप्लोमाचा फॉर्म मी स्वतः जाऊन आणला, स्वतः भरला. पालकाची सही तेवढी राहिली होती आणि दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख होती. पप्पांनी त्या कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. मी तणतणत महेंद्र सरांच्या कॉम्प्युटर क्लासला निघून गेले.

सरांकडे एक गेम होता. त्यात गाडी आपण बांधायची, अगदी इंजिनासकट. सिलिंडर किती, बोअर केवढा, पिस्टन कसला, सगळं आपण ठरवायचं आणि मग माल भरून गाडी चढावर सोडायची. क्लासमधल्या मुलांना पळणाऱ्या गाड्यांचा नाद, त्यामुळे त्यांच्या गाड्या अर्ध्या चढावर मान टाकायच्या. माझा ट्रक मात्र वर पोचायचा. चंदनापुरी घाटात ट्रक कशाने बसतात, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते.

त्या संध्याकाळी पप्पा मला न्यायला तिथेच आले. हातात नर्सिंगचा फॉर्म. ते तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांचं लक्ष स्क्रीनकडे गेलं. माझा ट्रक चढ चढत होता आणि बाजूला इंजिनाची मापं दिसत होती.

"ह्यो स्ट्रोक येवढा लांब कोनी ठिवला?"

"मी."

"का?"

"ओढ पायजे म्हनून. त्याला पळायचं न्हाई, माल वढायचाय."

पप्पा खुर्ची घेऊन शेजारी बसले. त्यांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, आता सही होणार.

"लई भारी," ते म्हणाले. "हे समदं स्टीफनला शिकव. त्याचं इषय निघतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तो ट्रक पुसून टाकला.

"आता तुमी बांधा, पप्पा. मी नुसती बटनं दाबते. बाईमानसाला तेवढं चालंल ना?"

टोमणा त्यांच्या डोक्यावरून गेला. ते मापं सांगायला लागलेसुद्धा. मापं सगळी बरोबर होती, त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मग प्रत्येक भाग किती चांगला हवा ते गेमने विचारलं. तीन शब्दांतून एक निवडायचा: पुअर, अ‍ॅव्हरेज, गुड. पप्पांचं इंग्रजी बेतासबात, पण मधला शब्द त्यांच्या रोजच्या ओळखीचा. लिटरला किती किलोमीटर, म्हणजे अ‍ॅव्हरेज.

"ह्येच दाब. अ‍ॅव्हरेज पायजेच. मालक पयलं त्येच इचारतो."

पिस्टनला अ‍ॅव्हरेज, रिंगांना अ‍ॅव्हरेज, रेडिएटरला अ‍ॅव्हरेज. मला अर्थ माहीत होता. मी काही न बोलता दाबत गेले.

अर्ध्या चढावर इंजिन फुटलं. त्यांनी स्ट्रोक कमी केला, फुटलं. बोअर वाढवला, फुटलं. वजन उतरवलं, तरी फुटलं. अडलेलं इंजिन सोडून पप्पा जेवायलाही उठत नसत, आणि इथे तर खोलून बघायची सोय नव्हती. पाच वेळा झाल्यावर त्यांनी टेबलावर मूठ आपटली. सर दारातून डोकावून गेले.

"मला म्हाईत हाय कुठं चुकतंय," मी म्हणाले.

"मग सांग की."

मी दप्तरातून डिप्लोमाचा फॉर्म काढून कीबोर्डवर ठेवला. "सही करा, मग सांगते."

"बापाला अडवतीस व्हय?"

"तुमी मला अडवलं तवा कोन काय बोललं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग स्क्रीनकडे. मग परत माझ्याकडे. मी मान खाली घातली नाही.

"पेन दे," ते म्हणाले.

सही इतक्या घाईने केली की कागद फाटायचाच राहिला. "आता सांग."

"अ‍ॅव्हरेज म्हंजी डिझेलचं न्हाई, पप्पा. इंग्रजीत त्याचा अर्थ बेताचं. तुमी समदं इंजिन बेताच्या सामानाचं बांधलं."

"आन तू दाबत बसली गप?"

"मी नुसती बटनं दाबत हुते."

"बदल. गुड कर. बिगी बिगी कर."

मी बदललं. ट्रक चढ चढून वर पोचला आणि पप्पा पोट धरून हसले. सरांना हाक मारून दाखवलं, परत एकदा चढवायला लावलं. मी काय भरलंय, कुठलं कॉलेज आहे, एका अक्षराने विचारलं नाही. त्या वेळी नर्सिंगचा फॉर्म पुढे केला असता तर त्यावरही सही झाली असती. सही झाली ती त्या इंजिनापायी. मी त्यांना तेव्हाही दिसले नाही. फॉर्म दप्तरात घालून मी उठले आणि एकटीच घरी चालत गेले.